एक शब्द, चार इंजेक्शनं : आमवाताने धरलेल्या हातांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शैलाताई (नाव बदललं आहे, ओळख पटेल असे काही तपशीलही) नाशिकच्या सिडकोत राहतात. मी त्याच भागात वीसेक वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. हे प्रकरण सुरू झालं तेव्हा, 2021 साली, त्या 47 वर्षांच्या होत्या. घरातच पोळीभाजी केंद्र. अंबड एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या मुलांचे पस्तीस डबे सकाळी आठच्या आत भरायचे, संध्याकाळी सुट्या पोळ्या विकायच्या. दिवसाला अडीचशे पोळ्या तरी होत. कणीक मळणं, लाटणं, शेकणं सगळं त्यांच्या हातचं. सासूबाई भाजी निवडून देत. यजमान रिक्षा चालवतात, मुलगा कारखान्यात आहे.

जुलै 2021 मध्ये त्यांना चार दिवस ताप आला, अंग मोडून आलं, बोटं आणि मनगटं धरली. पावसाळ्यात आमच्या भागात असे पेशंट रोज येतात. मी चिकुनगुनिया गृहीत धरला, तपासणी मात्र केली नाही. ताप उतरला, बोटं दुखतच राहिली. चिकुनगुनियानंतर सांधे कित्येक महिने दुखू शकतात हे खरं आहे, आणि त्या खऱ्या गोष्टीच्या आधारावरच मी निर्धास्त राहिले. "वेळ लागतो, शैलाताई" हे वाक्य मी त्यांना निदान चार वेळा तरी ऐकवलं असेल.

त्या वर्षी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्या होत्या. चकलीचा सोऱ्या फिरवताना हातातली ताकदच गेली. अर्धी चकली पडली आणि मूठ पुढे वळेना. भाजणी भिजवून ठेवलेली, गिऱ्हाईक दारात, आणि सोऱ्या मुलाच्या हातात द्यावा लागला. हे त्यांनी मला सांगितलं ते सहा महिन्यांनी. दिवाळीच्या वेळी त्या माझ्याकडे येतच नव्हत्या.

अडचण नेमकी काय होती

मधल्या काळात त्यांनी स्वतःच्या मनाने एका लॅबमध्ये 'वाताची तपासणी' करून घेतली होती. आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक अ‍ॅसिड ठीक. 'वात नाही' असं समजून घरचे निश्चिंत झाले. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो आजार), असलेल्या बऱ्याच जणांचा आरए फॅक्टर निगेटिव्ह येतो. त्या कागदाने आजार नाकारता येत नाही, पण हे त्यांना सांगणारं कोणी नव्हतं.

मग कोणाच्या तरी सांगण्यावरून पुड्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी हात मोकळे! तीन महिने त्यांनी पुन्हा सगळ्या पोळ्या एकटीने लाटल्या. मार्च 2022 मध्ये त्या माझ्यासमोर येऊन बसल्या तेव्हा चेहरा गोल झालेला, वजन सहा किलोने वाढलेलं, उपाशीपोटीची साखर 148. पुडीवर घटकांचं नाव नव्हतं. पण तीन दिवसांत सूज उतरवणारी आणि तोंड गोल करणारी पुडी म्हटल्यावर स्टेरॉइडचा संशय घ्यावाच लागतो.

मी त्यांना दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवायला सांगितले. मुठीचे उंचवटे आणि त्यांच्यामधल्या खळग्या दिसायला हव्यात. तिथे सगळं सपाट, भरलेलं होतं. दोन्ही हातांची मधली पेरं फुगलेली, शेवटची पेरं मात्र ठणठणीत. चारही बोटांच्या बुडाशी आडवं हलकं दाबलं तर त्या कळवळल्या. "नमस्कार करा बरं," म्हटलं तर तळवे एकमेकांना टेकेनात, मनगटं तेवढी मागे वळतच नव्हती. "देवापुढे पण असाच अर्धा हात जोडते मी, मॅडम," त्या म्हणाल्या. सकाळी उठल्यावर हात मोकळे व्हायला दोन तास लागत. म्हणून त्या पहाटे तीनला उठून गरम पाण्यात हात बुडवून बसत, पाच वाजता कणीक मळता यावी एवढ्यासाठी.

दोन्ही हातांना सारखी सूज, बुडाची आणि मधली पेरं धरलेली, सकाळचा ताठरपणा तासापेक्षा जास्त, सहा आठवड्यांच्या कितीतरी पुढे गेलेला. यातली बहुतेक लक्षणं मला ऑगस्टमध्येही हात पाहून आणि विचारून कळली असती. मी त्यांचं दुखणं ऐकत होते, हातांकडे पाहत नव्हते.

अँटी सीसीपी ही आमवाताची जास्त नेमकी रक्ततपासणी जोरदार पॉझिटिव्ह आली. सीआरपी, म्हणजे शरीरातल्या सुजेचं रक्तातलं माप, 42 पर्यंत वाढलेलं. हातांच्या एक्स-रेत उजव्या तर्जनीच्या बुडाशी हाडाला लहानशी खाच पडलेली. नऊ महिन्यांत हाड खाल्लं गेलं होतं.

पहिला निर्णय : पुडी कशी थांबवायची

यजमानांनी त्याच रात्री पुड्या कचऱ्यात टाकायचं ठरवलं होतं. राग समजण्यासारखा होता, पण तसं करणं धोक्याचं होतं. शरीर बाहेरच्या स्टेरॉइडवर काही महिने राहिलं की स्वतःचं तयार करणं मंदावतं. ते एकदम तोडलं तर रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून संधिवाततज्ज्ञांशी फोनवर बोलून पुडीऐवजी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची मोजलेली गोळी दिली आणि ती आठवड्या-आठवड्याने कमी करत नेली.

पुड्यांबद्दल मी त्यांना रागावले नाही. त्यांनी पुढे मला सांगितलं की त्या भीतीनेच त्या तीन महिने आल्या नव्हत्या.

दुसरा निर्णय : गोळीवरून पहिल्या इंजेक्शनकडे

तज्ज्ञांनी एप्रिलमध्ये मेथोट्रेक्सेट हे आमवाताला आवर घालणारं औषध सुरू केलं, सोबत त्याच कामाचं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जीव जाऊ शकतो, इतकी ही चूक गंभीर आहे. आम्ही वार ठरवला शनिवार, रात्रीचा, कारण रविवारी डबे बंद असतात. दुसऱ्या दिवशी फोलिक अ‍ॅसिड. भिंतीवरच्या कॅलेंडरात प्रत्येक शनिवारी लाल गोल आणि घेतल्यावर त्याच्यावर फुली. ही जबाबदारी सासूबाईंनी मागून घेतली. आजारात वाटा उचलायला त्यांना काहीतरी हवंच होतं.

मात्रा 20 मिलिग्रॅमवर गेली आणि मळमळ सुरू झाली. रविवार तर जाईच, सोमवारी फोडणीचा वास आला तरी पोटात ढवळे. त्यांनी कोणाला न सांगता दोन शनिवार चुकवले. सासूबाईंच्या फुल्या मात्र पडत राहिल्या, कारण गोळी पदराच्या गाठीत जात होती.

यावर उपाय साधा होता. हेच औषध कातडीखाली टोचून घेतलं तर बऱ्याच जणांची मळमळ कमी होते, आणि 15 मिलिग्रॅमच्या वरच्या मात्रेत ते गोळीपेक्षा अंगी जास्त लागतं. मी "इंजेक्शन घेऊ या" म्हटलं मात्र, शैलाताई रडायला लागल्या.

पुढची दहा मिनिटं मी समजावत राहिले आणि माझं काहीच पोचलं नाही. शेवटी मी विचारलं, "इंजेक्शन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?" मग एकेक उलगडलं. शैलाताईंना वाटत होतं, इंजेक्शन म्हणजे शेवटचा उपाय. त्यांच्या आत्याला शेवटच्या महिन्यात दिलेलं. यजमानांना वाटत होतं ते कमरेत देतात ते दुखण्याचं, चार तास बरं वाटायचं आणि मूत्रपिंडं खराब व्हायची. सासूबाईंच्या मते ती सांध्यात खुपसायची सुई. शेजारणीच्या गुडघ्यात दिली होती, "गरम पडली" आणि पुन्हा दुखलंच. मुलाने मोबाइलवर वाचलेलं ते हजारो रुपयांचं बायोलॉजिक. एका खोलीत चार माणसं एकच शब्द बोलत होती आणि चौघं चार वेगवेगळ्या गोष्टींना घाबरत होती.

मी चारही वेगळी करून कागदावर लिहिली. दुखण्याचं इंजेक्शन आजाराला हात लावत नाही. सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन त्या एका सांध्याची सूज काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत उतरवतं. मनगटासारखा एखादाच सांधा हट्टाला पेटला तर त्याचा उपयोग होतो, पण वारंवार देता येत नाही. मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन म्हणजे त्यांचीच शनिवारची गोळी, फक्त वाट वेगळी. आणि बायोलॉजिक म्हणजे सूज पेटवणाऱ्या एका ठरावीक रसायनाला अडवणारं औषध. त्याची वेळ अजून आलेली नव्हती. शैलाताईंनी तो कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. पुढच्या वेळी यजमानांनी तो मला परत दाखवला, हळदीच्या डागांसकट.

सिरिंज कोणती, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तिथे मी अडून बसले. कुपीतून औषध काढायचं तर घरोघरी इन्सुलिनची सिरिंज मिळते, पण तिच्यावर खुणा युनिटच्या असतात. लाल टोपणाची असेल तर एका मिलीलीटरला 40 युनिट, केशरी टोपणाची असेल तर 100. दुकानदाराने एकाऐवजी दुसरी दिली की मात्रा अडीच पट इकडे-तिकडे. म्हणून आधीच भरून आलेली सिरिंज थोडी महाग असूनही तीच घ्यायची असं ठरवलं. पहिली तीन इंजेक्शनं दवाखान्यात झाली, चौथं मुलाने दिलं, सहाव्यापासून शैलाताई स्वतः मांडीत घेऊ लागल्या. दोन बोटांच्या चिमटीत कातडी धरणं त्यांना जमेना, म्हणून तळहाताच्या कडेने मांडी एकीकडे ढकलून धरायची युक्ती त्यांनीच शोधली.

मळमळ जवळजवळ गेली. दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. एक गोष्ट वाचकांसाठी इथेच सांगते, कारण तरुण पेशंटच्या बाबतीत ती सगळ्यात आधी येते : गरोदरपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही. मूल हवं असेल तर ते आधीपासून बंद करावं लागतं, आणि ते डॉक्टरांशी बोलूनच.

तिसरा निर्णय : बायोलॉजिक घ्यायचं की थांबायचं

ऑक्टोबर 2022 मध्ये मोजणी केली. सुजलेले सांधे अकरावरून सहावर आले होते. शैलाताई खूष होत्या, "निम्मं झालं की!" सीआरपी मात्र 26, आणि नव्या एक्स-रेत दुसरी खाच. पेशंटला बरं वाटतंय आणि हाड तरी झिजतंय, ही या आजारातली सगळ्यात फसवी अवस्था. बरं वाटण्याचं माप आजवरच्या वाईट दिवसांवरून ठरतं. हाडाला ते माहीत नसतं.

तज्ज्ञांनी तीन वाटा मांडल्या. जुन्या पद्धतीच्या आणखी एका-दोन गोळ्या जोडायच्या : स्वस्त, पण गोळ्यांची संख्या वाढणार आणि पोटाचा त्रास पुन्हा उठण्याची शक्यता. नव्या प्रकारची टोफासिटिनिब ही गोळी : टोचणं नाही, खर्च आटोक्यात, पण नागीण, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार यांचा विचार करावा लागतो, आणि त्यांची साखर आणि रक्तदाब दोन्ही काठावर होते. तिसरी वाट बायोलॉजिकची : अ‍ॅडॅलिमुमॅब, 40 मिलिग्रॅम, दर चौदा दिवसांनी कातडीखाली, मेथोट्रेक्सेट चालू ठेवून. भारतीय कंपन्या हे औषध बनवत असल्याने किंमत पूर्वीसारखी आवाक्याबाहेर राहिलेली नाही. तरीही केंद्राच्या महिन्याच्या कमाईचा मोठा वाटा त्यात जाणार होता.

डब्यांसाठी जुनी व्हॅन घ्यायची म्हणून घरात पैसे साठवले होते. मुलगा म्हणाला, "आई, व्हॅन चालवायला मी आहे. पोळ्या लाटायला कोण आहे?" मी बाजूला बसून होते. माझं मत बायोलॉजिकच्या बाजूने होतं, ते मी सांगितलं, आणि हेही सांगितलं की हे इंजेक्शन सूज काढेल. वाकलेलं बोट सरळ करणार नाही, खाच भरेलच असं नाही. ही गोष्ट मी तीनदा बोलले. महिन्याला एवढे पैसे घालून हात पूर्वीसारखा झाला नाही की माणूस औषध सोडतो, हे मी आधी दोन घरांत पाहिलं होतं.

सगळे तयार झाले आणि गाडी क्षयरोगापाशी अडली. अशा औषधांनी शरीरात झोपलेला टीबी उठू शकतो, म्हणून आधी तपासणी करावीच लागते. छातीचा एक्स-रे साफ होता, पण रक्ताची आयजीआरए तपासणी पॉझिटिव्ह आली. तेव्हा कुठे सासूबाई बोलल्या : धाकट्या दिराला बारा वर्षांपूर्वी टीबी झाला होता, याच घरात, याच खोलीत. कोणी विचारलं नव्हतं, म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. टीबीवरच्या आयसोनायझिडच्या गोळ्या सहा महिन्यांसाठी सुरू झाल्या, सोबत बी 6 जीवनसत्त्व. किमान एक महिना या गोळ्या पोटात गेल्यावरच बायोलॉजिक. मेथोट्रेक्सेट आणि आयसोनायझिड दोन्हींचा भार यकृतावर, म्हणून त्या काळात दर दोन आठवड्यांनी तपासणी. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही निगेटिव्ह.

तो महिना शैलाताईंना जड गेला. थंडी सुरू झालेली, उजवं मनगट भयंकर सुजलेलं. तेव्हा तज्ज्ञांनी मनगटात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. सासूबाईंनी विचारलं, "कागदावरचं दुसऱ्या नंबरचं ना हे?" अगदी बरोबर होतं.

प्रत्यक्ष काय केलं

डिसेंबर 2022 मध्ये अ‍ॅडॅलिमुमॅबचं पहिलं इंजेक्शन झालं. औषध भरून आलेलं टोचायचं पेन फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवायचं, गरम पाण्यात किंवा चुलीजवळ नाही. पोटावर घ्यायचं तर बेंबीपासून चार बोटं लांब, दर वेळी जागा बदलून. ताप, खोकला, लघवीची जळजळ, पिकलेली जखम असेल तर आधी फोन आणि मग ठरवायचं.

तिसऱ्या वेळी नुकसान झालं. घरातला फ्रीज एका दाराचा. पेन बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवलं गेलं आणि गोठलं. औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं आणि गोठलं तर वितळवून वापरायचं नाही, हे मी सांगितलं होतं, पण 'फ्रीजमध्ये' म्हणजे फ्रीजमध्ये कुठे, हे सांगितलं नव्हतं. एक पेन फुकट गेलं. त्यानंतर मधल्या फळीवर, दारापासून आणि मागच्या भिंतीपासून दूर, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. डब्यावर मुलाने 'आईचं, हात लावू नये' असं लिहिलं.

हातांचं कामही बदललं, आणि याला औषधाइतकंच महत्त्व आहे असं मी मानते. व्हॅनच्या पैशांतून आधी कणीक मळायचं मशीन आलं. लाटण्याच्या दोन्ही टोकांना जुन्या सायकलीच्या मुठी बसवून ती जाड केली, म्हणजे बोटं आवळावी लागत नाहीत. पातेलं कडेला धरून उचलण्याऐवजी दोन्ही तळव्यांवर. फडकं पिळण्याऐवजी नळाला गुंडाळून ओढायचं. रात्री मनगटाला पट्टी. लाटायला शेजारची एक बाई अर्ध्या दिवसासाठी ठेवली. शैलाताई आता शेकतात आणि हिशेब बघतात. लाटणं दुसरीच्या हातात देणं त्यांना इंजेक्शनपेक्षाही अवघड गेलं. पहिला आठवडा त्या तिच्या प्रत्येक पोळीची कड तपासत होत्या.

परिणाम

माझ्याकडे पकड मोजायचं यंत्र नाही. मी रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून 20 पर्यंत हवा भरते आणि पेशंटला तो मुठीत दाबायला सांगते. मार्च 2022 मध्ये शैलाताईंच्या उजव्या हाताने काटा 55 वर गेला होता. जून 2023 मध्ये 130. सुजलेला सांधा एकच उरला, सकाळचा ताठरपणा पंधरा मिनिटांचा, सीआरपी सामान्य. साखर स्टेरॉइड सुटल्यावर बरीच खाली आली. त्या आता साडेचारला उठतात.

काही गोष्टी परत आल्या नाहीत. उजव्या हाताची बोटं करंगळीकडे किंचित कलली आहेत, मनगट मागे पूर्ण वळत नाही. नमस्कारात तळव्यांच्या टाचा अजून टेकत नाहीत. हा वाकडेपणा त्या नऊ महिन्यांतला आहे आणि तो मला प्रत्येक भेटीत दिसतो.

पावसाळ्यात एकदा त्यांना ताप आला. त्यांनी स्वतःहून इंजेक्शन थांबवून फोन केला. दहा दिवसांनी पुन्हा सुरू झालं, हात थोडे कुरकुरले आणि सावरले.

आज करायचं झालं तर वेगळं काय

सांधे धरलेला प्रत्येक पेशंट सहा आठवड्यांनी परत आला की मी त्याचे हात टेबलावर पालथे ठेवायला सांगते आणि मुठीच्या बुडाशी दाबून पाहते. याला एक मिनिट लागतं. सूज असेल तर सीआरपी, अँटी सीसीपी आणि तज्ज्ञांकडे चिठ्ठी, त्याच दिवशी. ताप चिकुनगुनियाचा होता का, हे गृहीत धरायचं नाही, तपासायचं.

घरात कोणाला टीबी झाला होता का, हा प्रश्न मी आता मेथोट्रेक्सेटच्या पहिल्याच दिवशी विचारते, आणि घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला विचारते. शैलाताईंच्या बाबतीत हे एप्रिलमध्येच झालं असतं तर ऑक्टोबरनंतरचा तो महिना वाया गेला नसता. न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसीही मी उशिरा दिल्या. प्रतिकारशक्ती दबण्याआधी द्यायला हव्या होत्या. चुकलेल्या डोसांबद्दल 'घेता ना?' असं विचारलं की उत्तर 'हो' येतं. आता मी विचारते, "गेल्या महिन्यात किती राहिल्या?"

व्हॅनच्या पैशांवरही मी बऱ्याचदा विचार केला आहे. गोळ्या आधी वाढवून बघता आल्या असत्या का? कदाचित. पण दुसरी खाच दिसल्यावर आणखी तीन-चार महिने वाट पाहायला मी आजही तयार होणार नाही.

सध्या प्रश्न अंतराचा आहे. दोन पेनांमधले चौदा दिवस एकवीस करता येतील का, असं घरच्यांनी विचारलंय. खर्च तिसऱ्या हिश्शाने कमी होईल. सलग सहा महिने सूज शून्य राहिली तर विचार करू, असं तज्ज्ञ म्हणाले. गेल्या मोजणीत उजव्या मधल्या बोटाचं एक पेर किंचित भरलेलं लागलं, त्यामुळे तूर्त चौदाच. पुढची मोजणी दिवाळीनंतर ठेवली आहे, कारण त्याआधी फराळाच्या ऑर्डरी आहेत. या वर्षी सोऱ्या मशीनचा घेतलाय.